सलीम म्हणजे सुखरूप!

बालमित्रांनो, शाळेत बाई हजेरी घेतात, तेव्हा तुम्ही काय म्हणता? "हजर!" हो ना? गंमत म्हणजे हा 'हजर' शब्दच मुळी अरबी आहे. हजारो मैलांवरून आला आणि आपल्या वर्गात येऊन बसला. मग त्याच हजेरीपटावर एखादं अरबी नाव असलं, तर त्यात नवल ते काय? आज आपण अशाच एका नावाची गोष्ट ऐकणार आहोत. ते नाव आहे सलीम.

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, कुठेही राहत असाल, या नावाचा एखादा मित्र, शेजारी, दुकानदार किंवा काका तुम्हाला ठाऊक असेलच. पण सलीम म्हणजे काय, हे त्याला कधी विचारलंय का?

अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या मुळापासून तयार होतात. आपण संस्कृतमध्ये धातू शिकतो ना, तसंच काहीसं. स, ल आणि म ही अशीच तीन अक्षरं. त्यांच्यात सुखरूप असणं, शाबूत असणं, शांतता असे अर्थ भरलेले आहेत. त्यातूनच 'सलाम' आला. 'सलामत' आला. 'इस्लाम' हा शब्दही याच मुळाचा. पंधरा ऑगस्टला तुम्ही झेंड्याला देता ती 'सलामी'सुद्धा याच घरची! नकाशा उघडा आणि टांझानिया देशातलं दार-ए-सलाम हे शहर शोधा. त्याचा अर्थ 'शांतीचं घर'. आणि आपला सलीम? सलीम म्हणजे सुखरूप, धडधाकट, ज्याला काही इजा झालेली नाही असा.

आता खरी नवलाची गोष्ट सांगतो. जुन्या अरबीत साप चावलेल्या माणसालाही 'सलीम' म्हणत असत! चक्रावलात ना? ज्याला साप चावला, तो सुखरूप कसा? पण त्या बिचाऱ्याला 'दंश झालेला' म्हणणं लोकांना अशुभ वाटायचं. म्हणून आधीच 'सुखरूप' म्हणायचं. तोंडून चांगलं निघालं, तर चांगलंच होईल, ही त्यामागची आशा.

हसू नका बरं का! आपणही तेच करतो. बांगडी फुटली, तर आजी 'बांगडी वाढवली' म्हणते. घरातून निघताना 'जातो' म्हटलं, तर आई लगेच टोकते, "जातो नाही, येतो म्हणावं." वाळवंटातली ती अरब आजी आणि धानाच्या बांधीवर राहणारी आपली आजी, दोघींचं काळीज सारखंच. (एक मात्र लक्षात ठेवा. रोवणीच्या दिवसांत कुणाला साप चावलाच, तर नुसत्या शुभ शब्दांनी भागत नाही. मंत्रतंत्रात वेळ न घालवता त्याला तडक सरकारी दवाखान्यात न्यायचं.)

म्हणजे सलीम हे नुसतं नाव नाही, तो एक आशीर्वाद आहे. आपण पत्रात लहानांच्या नावाआधी 'चिरंजीव' लिहितो, तसाच.

हे नाव खूप दूरवर पसरलं. तुर्कस्तानात ते 'सेलीम' झालं आणि त्या नावाचे तीन सुलतान होऊन गेले. भारतात ते घरोघरी ठाऊक झालं ते एका राजपुत्रामुळे. अकबर बादशहाची मुलं जगत नव्हती. तो सीक्रीला शेख सलीम चिश्ती या फकिरांकडे गेला आणि त्यांनी त्याला आशीर्वाद दिला. 1569 मध्ये मुलगा झाला आणि त्याचं नाव फकिरांवरूनच सलीम ठेवलं. पण अकबराला त्या फकिरांबद्दल इतका आदर, की तो मुलाला सलीम म्हणून कधी हाक मारायचाच नाही. लाडाने 'शेखूबाबा' म्हणायचा! पुढे 1605 मध्ये हा शेखूबाबा गादीवर बसला. तुर्कांच्या बादशहांचं आणि आपलं नाव सारखंच, म्हणून त्याने नवं नाव घेतलं, जहांगीर. हे सगळं त्याने स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय.

या जहांगीराला पशुपक्ष्यांचं भारी वेड. त्याने सारस पक्ष्यांची एक जोडी पाळली होती आणि त्यांची नावं ठेवली होती लैला आणि मजनू. लैलाने अंडी घातली, तेव्हा रात्रभर अंड्यांवर कोण बसतं, पहारा कोण देतं, हे बादशहाने बारकाईने पाहिलं आणि लिहून ठेवलं.

आता तीनशे वर्षं पुढे उडी मारू या. 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत एक मुलगा जन्माला आला. घरातलं शेंडेफळ. पण वर्षाचा असताना वडील गेले आणि तीन वर्षांचा असताना आईही गेली. मामांनी त्याला वाढवलं. मामांनी दिलेल्या छऱ्यांच्या बंदुकीने एकदा त्याने एक चिमणी पाडली. पाहतो तर काय, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही कुठली चिमणी? मामांना सांगता येईना. मग तो ती चिमणी घेऊन बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्डसाहेबांनी चिमणी ओळखली आणि पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले. त्या दिवसापासून मुलाला पक्ष्यांचं वेड लागलं ते कायमचं.

ओळखलंत ना? हेच आपले थोर पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली. गंमत पाहा, इंग्रजीत नाव लिहिताना ते पहिल्या 'ए' अक्षराच्या डोक्यावर एक छोटीशी तिरकी रेघ काढत. कारण त्यांच्या नावाचा खरा उच्चार 'सालिम' असा, म्हणजे 'सा' लांब. सलीम आणि सालिम, दोन्ही एकाच मुळाचे, अर्थही जवळजवळ एकच. आणि नाव खरंही ठरलं! आईबापांविना वाढलेला हा मुलगा 90 वर्षं जगला. डोंगरदऱ्या, वाळवंटं, जंगलं तुडवत फिरला. 1941 मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं. 1976 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. 1987 मध्ये ते वारले. आणि बरं का, मोगल बादशहांना निसर्गाची किती जाण होती, यावर त्यांनी तरुणपणी एक लेखमालाही लिहिली होती. एका सलीमने दुसऱ्या सलीमचा अभ्यास केला म्हणा ना!

आता तुम्ही विचाराल, या सगळ्याचा आपल्या भंडाऱ्याशी काय संबंध? आहे तर! भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. शेजारचं नवेगावबांध 1 मे 1999 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं. मग गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि ते तिकडे गेलं. तिथल्या पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अलींचंच नाव आहे. याच नवेगावच्या रानात मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून काम केलं आणि मराठी वाचकांना जंगलाची ओळख करून दिली. चितमपल्लींचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सलीम अलींचा 12 नोव्हेंबर. म्हणून महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा 'पक्षी सप्ताह' साजरा होतो.

आणि जहांगीराचे ते सारस? महाराष्ट्रात ते आता मुख्यतः गोंदिया-भंडारा भागात, वैनगंगेच्या खोऱ्यातच उरले आहेत. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला हा पक्षी धानाच्या बांधीत आणि तलावाकाठी घरटं करतो. पण तळी आटतात, बुजतात. शेतात विषारी औषधं फवारली जातात. विजेच्या तारांना धडकून सारस मरतात. त्यांची संख्या इतकी रोडावली, की 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून या प्रश्नाची दखल घेतली. शेतात घरटं दिसलं, की तेवढी जागा सोडून देणारे, अंड्यांची राखण करणारे शेतकरी इथे आहेत, म्हणून तर हा पक्षी अजून टिकून आहे.

म्हणजे सारसांनाही आज एकच गोष्ट हवी आहे, सलीम या नावात आहे ती. सुखरूप राहणं!

तर मित्रांनो, या आठवड्याचा गृहपाठ. घरी आजीआजोबांना विचारा, "माझं नाव कुणी ठेवलं? का ठेवलं? त्याचा अर्थ काय?" मग वर्गातल्या मित्रमैत्रिणींच्या नावांचे अर्थ विचारून वहीत लिहा. नाव कुठल्याही भाषेतलं असो, प्रत्येक नावामागे कुणीतरी 'हे लेकरू सुखात राहो' असं म्हटलेलं सापडेल. आणि तलावाकडे गेलात, तर लांबूनच पाहा, दगड मारू नका. सारसाची जोडी दिसली, तर मनातल्या मनात म्हणा, "सलामत राहा रे बाबांनो!"

बरं तर, येतो आता. जातो नाही म्हणायचं, ठाऊक आहे ना?