कुतूहल : नदीवर हिरवे छत कसे चढते?
भर पावसात कर्जतवरून रोरावत जाणारी उल्हास नदी उन्हाळ्याच्या तोंडाशी कल्याणकडच्या संथ पात्रात जलपर्णीखाली दिसेनाशी का होते? तळाला मुळे न रोवणारे हे दक्षिण अमेरिकी रोप पुरात टिकत नाही. परंतु प्रवाह मंदावून ऊन पडले आणि सांडपाण्यातील नत्र-स्फुरदाची आयती रसद मिळाली, की हवेने फुगलेल्या देठांच्या बुडाशी आडवे धुमारे फुटतात, प्रत्येकाच्या टोकाला नवे रोप धरते, आणि अनुकूल स्थितीत सुमारे 2 आठवड्यांत विस्तार दुप्पट होतो. अल्प प्रकाशावर गुजराण करणारा हायड्रिला हा पाणवनस्पतीचा प्रकार तळाशी रुजलेला असल्याने, वर पसरलेल्या जलपर्णीपुढे त्याचाही निभाव लागत नाही. ऊन अडते, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे तडफडतात. पुढचा पूर रोपे नेतो. गाळातले बी मात्र अनेक वर्षे रुजण्याजोगे राहते.