वाइज ०८५५-०७१४: सूर्याच्या शेजारचा थंडगार पिंड

तपकिरी खुजे तारे वायूच्या ढगातून ताऱ्यांसारखेच जन्मतात, पण गाभ्यात हायड्रोजनचे संमीलन टिकवण्याइतके वस्तुमान त्यांच्याकडे नसते. जन्मावेळची उष्णता गमावत ते आयुष्यभर निवत जातात. सर्वांत थंड पिंडांचा दृश्य प्रकाश जवळजवळ शून्य; ते सापडतात अवरक्त किरणांत.

पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे केविन लुहमन यांनी नासाच्या वाइज दुर्बिणीच्या वेगवेगळ्या वेळच्या प्रतिमा पडताळल्या. एक अंधूक ठिपका झपाट्याने सरकत होता, वर्षाला सुमारे ८ विकला. स्पिट्झर दुर्बिणीने पराशय मोजला आणि अंतर निघाले अवघे सव्वासात ते साडेसात प्रकाशवर्षे! २०१४ मध्ये वाइज ०८५५-०७१४ चा शोध जाहीर झाला. सूर्याला याहून जवळच्या तारासंस्था तीनच: अल्फा सेंटॉरी, बर्नार्डचा तारा आणि लुहमन १६.

या पिंडाचे वस्तुमान गुरूच्या तिप्पट ते दहापट असावे. तापमानाचा पहिला अंदाज उणे ४८ ते उणे १३ अंश सेल्सिअस होता. जेम्स वेब दुर्बिणीच्या वर्णपटावरून तो सुमारे १२ अंशांवर आला. म्हणजे महाबळेश्वरची हिवाळी पहाटच. वर्णपटात पाण्याची वाफ, मिथेन आणि अमोनिया दिसतात. तेथे पाण्याच्या बर्फाचे ढग आहेत का, हा प्रश्न मात्र सर्वांत रोमांचक, आणि अजून वादातच आहे.