एंजिनांची रंगयोजना
आगगाडीच्या एंजिनासाठी मालक कंपनीने ठरविलेले रंग, रेघा, अक्षरे व चिन्हे यांची योजना. ब्रिटनमध्ये कंपन्या अनेक असल्याने एंजिन कोणाचे, हे रंगावरूनच दुरून ओळखू येई. जुन्या रंगांविषयीच्या हौशी लोकांच्या ममत्वाचे मूळ बहुधा यात असावे. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे डॉन्कास्टर येथे बांधलेले एंजिन (१९२३) प्रारंभी सफरचंदी हिरवे होते. ते महायुद्धात काळे, राष्ट्रीयीकरणानंतर (१९४८) काही काळ निळे व पुढे गडद हिरवे झाले. १९६३ मध्ये ते सेवेतून निघाल्यावर खाजगी मालकाने धुराड्यासह त्याचे जुने रूप व सफरचंदी रंग परत आणला. १९९३ मध्ये मात्र दुहेरी धुराडे व धूर वर वळविणारे पत्रे पुन्हा बसविण्यात आले. हे फेरबदल मूळचे १९५९ व १९६१ मधील, म्हणजे गडद हिरव्या काळातील. म्हणून २०१६ मध्ये राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने तोच रंग दिला. अनेक हौशींना तो रुचला नाही; परंतु अशा बांधणीचे सफरचंदी एंजिन मूळ सेवाकाळात कधीच धावले नव्हते.