समुद्रतळावरील मृतोपजीवी आणि ट्रॉलरचे जाळे

सोलापूरपासून समुद्र दूर आहे, तरी सुकट आणि सुके बोंबील आपल्या घरांना परके नाहीत. ही मासळी कोकणात मुख्यत्वे डोल जाळ्यांत सापडते. डोल एका जागी बांधलेले असते आणि भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी त्यात आणून सोडतो. ट्रॉलरची रीत निराळी. त्याचे पिशवीसारखे जाळे बोट समुद्रतळावरून ओढत नेते. जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या जड फळ्या आणि खालचा वजनदार दोर चिखल नांगरत जातात. या नांगरणीनंतर तळावर काय घडते, ते या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

तळाच्या चिखलात शिंपले, नळीत राहणारे कृमी, समुद्री साळू आणि कोळंबीसारखे सूक्ष्म जीव दडलेले असतात. जाळे वरून गेले की काही चिरडतात, काही उघड्यावर पडतात. त्यांच्या जखमांतून पाझरणारे द्रव्य प्रवाहाबरोबर दूरवर पसरते. तळाच्या अंधारात डोळ्यांचा उपयोग थोडाच. खेकडे आपल्या लहान स्पर्शिकांनी हा वास टिपतात आणि प्रवाहाच्या उलट दिशेने चालू लागतात. मासे आधी पोहोचतात, तारामासे मागाहून.

ब्रिटनमध्ये वेल्सच्या किनाऱ्याजवळ कैसर आणि स्पेन्सर या संशोधकांनी याचा अभ्यास करून 1994 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जाळे ओढलेल्या पट्ट्यात मासे गोळा झाले होते, आणि त्यांच्या पोटात एरवी नळीत सुरक्षित राहणारे जीव नेहमीपेक्षा अधिक आढळले. त्याच समुद्रातील पुढील अभ्यासात रिकाम्या शंखात राहणाऱ्या खेकड्यांच्या दोन जाती तपासल्या गेल्या. एक जात नांगरलेल्या पट्ट्याकडे धावली. दुसरीने तिकडे लक्षही दिले नाही. मेलेले खाणारे सगळेच या आयत्या मेजवानीला येतात, असे नव्हे.

‘मृतोपजीवी’ हा शब्द आपल्या समाजाच्या कानाला बोचेल, याची आम्हांला जाणीव आहे. मेलेली गुरे ओढण्याचे काम ज्यांच्या माथी जन्मावरून मारले गेले, त्यांना मृतमांस सोडण्याचे आवाहन महाडच्या परिषदेत 1927 साली झाले. माणसावर लादलेली ती सक्ती होती. खेकड्याचे तसे नाही. कुजणारे खाऊन तळ स्वच्छ ठेवणे हा त्याचा निसर्गधर्मच आहे. दोन्हींची तुलना कोणी करू नये.

जाळ्यामागे दिसणारी ही गर्दी फसवी असते. काही दिवसांत मेलेले जीव संपतात आणि खाणारे पांगतात. तोच पट्टा पुन्हा पुन्हा नांगरला गेला, तर सावकाश वाढणारे, नाजूक कवचाचे जीव कमी होत जातात. तुटलेला बाहू पुन्हा उगवणारा तारामासा तग धरतो; शिंपल्याला ती सोय नाही. खेकड्यांची संख्या पाहून तळ संपन्न आहे असे मानणे म्हणजे तेराव्याच्या पंगतीवरून घराची भरभराट ठरवणे होय. शिवाय, बोटीवरून परत समुद्रात फेकलेली नकोशी मासळी हेही या जीवांचे अन्न असते. आता त्यातील बराच भाग मासळीची भुकटी आणि खत यांसाठी किनाऱ्यावर आणला जातो. म्हणजे तळाला ओरखडे पडतात, पण त्या बदल्यात मिळणारे उष्टेही त्याला पूर्वीइतके उरत नाही.

मुंबईच्या समुद्रातील चपट्या अंगाच्या शेवंडाची कथा याच जाळ्यांशी जोडलेली आहे. हा शेवंड वाळूमिश्रित तळावर राहतो आणि शिंपले खातो. मादी अंडी पोटाखाली चिकटवून वागवते. ट्रॉलच्या जाळ्यात अंडी बाळगणाऱ्या माद्याही येत गेल्या आणि 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत तेथील ही मासेमारी जवळजवळ संपुष्टात आली. तिच्यावर पोट भरणाऱ्या कोळी कुटुंबांचे उत्पन्नही तिच्याबरोबर गेले.

महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा 1981 पासून आहे. त्यानुसार पावसाळ्यात, सर्वसाधारणपणे 1 जून ते 31 जुलै, यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेवढ्या काळात अनेक मासे अंडी घालतात आणि तळालाही उसंत मिळते. मात्र दोन महिन्यांत सावरतात ते भराभर वाढणारे जीव. शिंपल्यांचे थर पुन्हा बसायला वर्षे लागतात, आणि ऑगस्ट उजाडताच बोटी पुन्हा त्याच पट्ट्यांवर जातात.