पायाखालचा धनुर्वात

तालमीतली माती तयार करायला कोल्हापुरात फार मेहनत घेतात. चाळलेल्या तांबड्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबाचा रस, कापूर मिसळतात, फावड्यानं ती उकरून मऊ करतात आणि मगच पोरं लांग कसून उतरतात. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. या मातीवर इथल्या माणसांची श्रद्धा आहे आणि ती मला मोलाची वाटते. पण हळद-ताकानं मातीतला धनुर्वाताचा जिवाणू मरत नाही, हेही तितकंच खरं. तो आखाड्यात असू शकतो, शेतात असतो, आणि गोठ्याच्या आसपास तर त्याचं घरच.

तरीही गुडघे-कोपरं सोलून घेणाऱ्या पैलवानापेक्षा तळव्यात बाभळीचा काटा मोडलेल्या शेतकऱ्याची काळजी जास्त करावी लागते. क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी हा दंडाकार जिवाणू. त्याच्या एका टोकाला गोल बीजाणू तयार होतो, त्यामुळं सूक्ष्मदर्शकाखाली तो ढोलाच्या टिपरूसारखा दिसतो. त्याला प्राणवायू सोसत नाही. उघड्या ओरखड्याला हवा लागते, तिथं त्याचं काही चालत नाही. काटा, खिळा किंवा उसाचं छाटलेलं बुडखं खोल घुसतं, वरून जखमेचं तोंड मिटतं आणि आत मेलेल्या मांसात हवा पोचत नाही. अशी जागा मिळाली की बीजाणू जागा होतो. गंजक्या खिळ्याची आपल्याकडं भारी धास्ती. गंजाचा मात्र यात काही दोष नाही. तो खिळा मातीत, शेणात पडलेला असतो, धोका त्याचा.

घोडे आणि गाईगुरं यांच्या आतड्यांत हा जिवाणू बिनबोभाट राहतो आणि शेणालिदीवाटे जमिनीत उतरतो. बीजाणूच्या रूपात तो वर्षानुवर्षं टिकतो, ऊन-पावसाला दाद देत नाही, पाण्याला नुसती उकळी आणून मरत नाही. त्याच्यासाठी दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते. ज्या जिल्ह्याचा संसार उसावर आणि दुधावर चालतो, जिथं दारात म्हैस आणि परड्यात उकिरडा असतो, जिथं शेणखताशिवाय जमीन पिकत नाही, तिथं या जिवाणूला हद्दपार करणं अशक्य आहे. देवी पृथ्वीवरून गेली, कारण देवीचा विषाणू माणसाबाहेर कुठं राहत नव्हता. धनुर्वात तसा जाणार नाही.

हा रोग जिवाणूचा म्हणण्यापेक्षा त्याच्या विषाचा आहे. जिवाणू जखम सोडून हलत नाही. तो तिथंच बसून टेटॅनोस्पाझमिन नावाचं विष तयार करतो. माणसाला मारायला वजनाच्या दर किलोमागं सुमारे अडीच नॅनोग्रॅम पुरतं असा अंदाज आहे. सत्तर किलोच्या धडधाकट गड्याचा हिशोब केला, तर एका ग्रॅमचे ५७ लाख भाग करून त्यातला एक. याहून जहाल जैविक विष एकच ठाऊक आहे, बोटुलिनम. तेही याच क्लॉस्ट्रिडियम घराण्यातलं.

हे विष चेतातंतूंच्या आतून उलट दिशेनं वर चढत मज्जारज्जूपर्यंत जातं. आपण हात वाकवतो तेव्हा एक स्नायू आखडतो आणि त्याच्या उलट बाजूच्या स्नायूला सैल राहण्याचा हुकूम असतो. हा ‘सैल राहा’चा निरोप ग्लायसिन आणि गाबा ही रसायनं पोचवतात. विष नेमकं त्यांचीच वाट अडवतं. रसायनाची पिशवी चेतापेशीच्या कडेला जोडणाऱ्या एका प्रथिनाचा ते तुकडा पाडतं. इटलीतल्या पाडुआच्या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये हे दाखवून दिलं. मग शरीरातल्या प्रत्येक स्नायूला आखडण्याचाच हुकूम उरतो. आधी दातखीळ बसते, मग मान ताठते, चेहऱ्यावर ओढून आणल्यासारखं हसू गोठतं, आणि झटका आला की पाठीची कमान होते. दार आपटलं, दिवा लागला, कुणी हात लावला, एवढ्यानंही झटका येतो. या सगळ्यात माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. मला या रोगातलं सर्वांत क्रूर हेच वाटतं.

सुश्रुतसंहितेत धनुःस्तंभाचं वर्णन आहे. गर्भपातानंतर, फार रक्त गेल्यावर किंवा जखमेमुळं होणारा अपतानक, म्हणजे झटक्यांचा हा विकार, बरा होत नाही, असंही तिथं नोंदवलं आहे. जिवाणूची कल्पनाही नसताना बाळंतीण आणि जखमी या दोघांना एकाच ओळीत बसवणारी ती नजर थक्क करते. रोगाचं कारण मातीत सापडायला पुढं १८८४ साल उजाडलं. जर्मनीत आर्थर निकोलायरनं मातीचा अंश प्राण्यांना टोचून धनुर्वात घडवला. १८८९ मध्ये बर्लिनला कॉखच्या प्रयोगशाळेत शिबासाबुरो कितासातो या जपानी डॉक्टरनं शुद्ध जिवाणू वाढवला, आणि पुढच्याच वर्षी त्यानं व एमिल फॉन बेरिंगनं दाखवलं, की विष थोडं थोडं पचवलेल्या प्राण्याच्या रक्तात त्यावरचा उतारा तयार होतो.

उतारा हाती आल्यानंतरही हा जिवाणू माणसाला कसा गाफील गाठतो, याचा सर्वांत कडू धडा मुंबईच्या परळमधून निघालेल्या एका बाटलीनं दिला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पाठोपाठ दख्खनभर पसरला. करवीर संस्थानातही शाहू महाराजांच्या अमदानीत माणसं गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहिली. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली, आणि परळला प्रयोगशाळा थाटून ती देशभर पाठवली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना ती टोचली गेली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. एकोणीसही जण एकाच बाटलीचे होते, क्रमांक ५३-एन. चौकशीत ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना बाजूला केलं गेलं. खरं कारण गावातच होतं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो जाळावर न धरता तसाच वापरला गेला. त्याच घाण्यातल्या इतर बाटल्यांनी कुणाला काही झालं नव्हतं. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून बाजू मांडल्यावर हाफकिन निर्दोष ठरले. प्लेगच्या दंडाकार जिवाणूविरुद्धची लस अशी मातीतल्या दुसऱ्या दंडाकार जिवाणूनं बाटवली. परळच्या त्या संस्थेला १९२५ मध्ये हाफकिन यांचं नाव मिळालं.

उतारा बनवायचं काम घोड्यावर पडलं. जो प्राणी हा जिवाणू पोटात वागवतो, त्याच्याच रक्तातून प्रतिविष काढलं जाऊ लागलं. पहिल्या महायुद्धात खतावलेल्या शेतांतून खंदक खणले गेले आणि १९१४ च्या सप्टेंबरात ब्रिटिश जखमींमध्ये हजारी आठ-नऊ जणांना धनुर्वात होऊ लागला. प्रत्येक जखमीला घोड्याचं प्रतिविष द्यायचं ठरल्यावर वर्ष संपेपर्यंत हे प्रमाण हजारी दीडच्या आसपास आलं. पुण्याजवळ घोड्यांची पैदास करणाऱ्या सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. धनुर्वातविरोधी सीरम हे तिथल्या अगदी सुरुवातीच्या उत्पादनांपैकी. जगाला लस पुरवणाऱ्या या धंद्याचा पाया धनुर्वातानं घातला, हे फार कमी जणांच्या लक्षात असतं.

घोड्याच्या सीरमची काहींना तीव्र ॲलर्जी येते. म्हणून आता माणसाच्याच रक्तातून काढलेलं टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन देतात. पण ते फक्त मोकळं फिरणारं विष पकडतं. चेतापेशीत शिरलेलं विष कुठल्याच औषधानं बाहेर येत नाही. त्यामुळं उपचार म्हणजे चेतातंतूंची टोकं पुन्हा फुटेपर्यंत माणूस जगवत ठेवणं. जखम उघडून मेलेलं मांस काढायचं, मेट्रोनिडॅझोलनं जिवाणू मारायचा, डायझेपॅम आणि मॅग्नेशियमनं झटके आवरायचे, अंधारी शांत खोली द्यायची, श्वासनलिकेला छेद घेऊन व्हेंटिलेटरवर ठेवायचं. हे कित्येक आठवडे चालतं.

या शुश्रूषेच्या अभ्यासात मुंबईचं नाव जगात घेतलं जातं. डॉ. जे. सी. पटेल आणि डॉ. जोग यांनी १९५९ मध्ये रोगाची तीव्रता ठरवायची पद्धत मांडली: दातखीळ, झटके, जखमेपासून सात दिवसांच्या आत सुरुवात, पहिल्या लक्षणापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत झटका, आणि ताप. यातल्या जितक्या गोष्टी जुळतील तितका रोगी गंभीर. धनुर्वातावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९६३ मध्ये मुंबईत भरली, आणि १९९९ मध्ये पटेल व मेहता यांनी ८,६९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एवढे रुग्ण अभ्यासायला मिळाले, यात त्या डॉक्टरांची चिकाटी दिसते आणि या प्रदेशाचं दुर्दैवही.

त्या दुर्दैवात तान्ही मुलं फार होती. नाळ विळ्यानं कापायची, देठाला राख किंवा शेण लावायचं, आणि आठवड्याभरात मूल दूध ओढेनासं व्हायचं, मुठी आवळून कडक व्हायचं. पाचवीला पाटा-वरवंटा मांडून, कोरा कागद ठेवून सटवाईची पूजा आजही होते. जन्मानंतरचे पहिले दिवस इतक्या भीतीचे का होते, याचा एक मोठा भाग मला या रोगात दिसतो. देशात काही दशकांपूर्वीपर्यंत नवजात धनुर्वाताचे वर्षाला दीड ते दोन लाख रुग्ण होत. १९२० च्या दशकात फ्रान्सच्या गास्तों रामोंनी विषाला फॉर्मॅलिन आणि उष्णता देऊन त्याचा दंश काढून टाकला, ओळख तेवढी ठेवली. तीच टीटी लस गरोदर आईला दिली की तिची प्रतिकारशक्ती वारेतून बाळाला मिळते. लस आणि दवाखान्यातलं बाळंतपण या दोन गोष्टींमुळं मे २०१५ मध्ये माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं मान्य झालं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागं एकाहून कमी रुग्ण.

आता उरलेला धोका मोठ्या माणसांचा, त्यातही पुरुषांचा. बाईला गरोदरपणात तरी लस मिळते. लहानपणी लसीकरण नव्हतं अशा पिढीतला शेतकरी मात्र पायाला काही लागल्यावर ‘टीटी घेतला, झालं’ म्हणून निर्धास्त होतो. पूर्वी एकही डोस न घेतलेल्या शरीरात एका सुईनं वेळेत संरक्षण उभं राहत नाही. जखम घाण आणि खोल असेल तर त्याला लसीच्या जोडीला इम्युनोग्लोब्युलिन लागतं. मग चार आठवड्यांनी दुसरा डोस, सहा महिन्यांनंतर तिसरा, आणि दहा वर्षांनी पुन्हा. दुसरीकडं दर ओरखड्याला सुई टोचून घेणारेही आहेत. त्यांना गरज नसताना दंड सुजवून घ्यावा लागतो. दोन्हींचं कारण एकच: डोस कधी घेतला याचा कागद कुणाजवळ नसतो. धनुर्वात एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो, कारण इतक्या कणभर विषाची शरीर ओळखही ठेवत नाही. त्यामुळं बरा झालेल्यालाही लस घ्यावीच लागते. २०१९ पासून सरकारी दवाखान्यात टीटीच्या जागी टीडी मिळते, तिच्यात घटसर्पापासूनचं संरक्षणही आहे. ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मुलामुलींना देतात. त्यानंतर पुरुषाकडं तिची आठवण करून द्यायला कुणी येत नाही.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर शहराच्या गल्ल्यांतून पत्रे, काचा आणि गाळ यांचा एकच रेंदा झाला होता. अनवाणी पायानं तो उपसणाऱ्यांत तरुण पोरं पुढं होती. अशा वेळी टीडीचं लसीकरण गल्लीगल्लीत पोचलं पाहिजे, आणि त्याआधी उन्हाळ्यातच तालमी, दूध संस्था आणि साखर कारखान्यांच्या हजेरीपटावरून मोठ्या माणसांची यादी तयार झाली पाहिजे, असं मला आग्रहानं म्हणायचं आहे. या तीन ठिकाणी जिल्ह्यातला मोठा पुरुषवर्ग नावानिशी सापडतो.

आणि हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊस तोडकऱ्यांच्या कोप्यांमध्ये एखादी गरोदर बाई असते. पहिला टीडी तिनं गावाकडं घेतलेला असतो, दुसरा चार आठवड्यांनी इथं, कोल्हापूरच्या फडात घ्यायचा असतो. तिचं माता-बालक कार्ड बोचक्यात बांधलेलं असतं. ते मागून पाहायचं काम त्या गावच्या आशाताईंचं, आणि टोळी आल्याची खबर त्यांना पहिल्याच आठवड्यात द्यायचं काम कारखान्याच्या शेती विभागाचं आहे.