मधुमेह लपवून काढलेला प्रवास विमा

मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा मुलाकडे चार-सहा महिने राहायला अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांना विमा काढताना एक सल्ला हमखास मिळतो: मधुमेह, रक्तदाब असलं काही फॉर्मवर लिहू नका, हप्ता वाढतो आणि उद्या दावा नाकारायला कंपनीला आयतं निमित्त मिळतं. सल्ला देणारा बहुधा आपुलकीने देतो. तरीही परदेशातल्या आजारपणाविषयी जे गैरसमज आहेत, त्यांत हा सर्वांत घातक आहे. छातीत दुखू लागलेला माणूस परदेशी रुग्णालयात पोहोचला, की त्याला लगेच दोन गोष्टी विचारल्या जातात: आधीचे आजार कोणते आणि रोज कोणत्या गोळ्या घेता? तिथे खोटं बोलणं जिवावर बेतू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हे डॉक्टरांना कळायलाच हवं. म्हणून रुग्ण खरं सांगतो आणि ते केसपेपरवर नोंदलं जातं. न सांगितलं तरी एचबीए१सी ही साधी रक्तचाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देते. पुढे कंपनी दाव्यासाठी हीच कागदपत्रं मागवते, भारतातल्या डॉक्टरांच्या जुन्या नोंदीही मागते. फॉर्मवर ‘आजार नाही’ आणि केसपेपरवर ‘दहा वर्षांपासून मधुमेह’ अशी विसंगती दिसली, की दावा नाकारायला तिला दुसरं कारण शोधावं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये मेडिक्लेमच्या एका खटल्यात जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारणं योग्य ठरवलं होतं.

यावर लोक म्हणतात, खरं सांगणाऱ्यांचे दावे तरी कुठे मंजूर होतात? हा आक्षेप निराधार नाही. मे 2009 मध्ये भारतातून परदेशी मेडिक्लेम काढून लग्नासाठी अमेरिकेला निघालेल्या एका प्रवाशाला सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्रास सुरू झाला, अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवावे लागले. मधुमेह असल्याचं त्याने विमा काढताना सांगितलं होतं, तरीही आधीपासूनच्या आजाराचं कारण देऊन कंपनीने दावा नाकारला. राष्ट्रीय ग्राहक आयोगातही तो हरला. अखेर डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. आजाराची माहिती मिळाल्यावर, जोखीम तपासून कंपनीने पॉलिसी दिली असेल, तर त्याच आजाराकडे बोट दाखवून तिला नंतर हात झटकता येणार नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. न्यायाला बारा वर्षं लागली, हे वाईटच झालं. पण हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. आजार सांगितलेला होता म्हणूनच त्या माणसाला लढायला जागा उरली. लपवला असता तर वकिलाच्या हातीही काही लागलं नसतं.

मात्र आजार जाहीर केला म्हणजे त्याचा सगळा खर्च मिळेल, असंही समजू नये. अनेक प्रवास पॉलिसी आधीपासूनचे आजार सरळ वगळतात किंवा फक्त जीव वाचवण्यापुरता, रुग्ण स्थिर होईपर्यंतचा खर्च देतात. साठी-सत्तरीपुढच्या प्रवाशांसाठी उपमर्यादा असू शकतात: पॉलिसीवर रक्कम मोठी, पण खोलीचं भाडं, आयसीयू, शस्त्रक्रिया यांवर प्रत्येकी छोटी मर्यादा. डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः भरायचा पहिला हिस्सा, वेगळाच. खरं सांगितल्यावर एखाद्या कंपनीने पॉलिसी नाकारली किंवा हप्ता वाढवला, तर ते इथे, निघण्याआधी कळतं. दुसरी पॉलिसी शोधायला किंवा मुक्काम कमी करायला तेव्हा वेळ असतो. व्हिसा मिळाला म्हणजे विमा पुरेसा, हाही समज चुकीचा आहे. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचं संरक्षण लागतं, ते तळाचं प्रमाण आहे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी तर विम्याची अटच नाही, आणि उपचारांचा खर्च सर्वांत जास्त तिथेच होतो.

‘पैसे नसले तरी तिथे उपचार नाकारत नाहीत’ हे अर्धसत्य आहे. अमेरिकेत 1986 च्या एका केंद्रीय कायद्यामुळे इमर्जन्सी विभाग असलेल्या जवळपास सर्व रुग्णालयांना येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करावी लागते आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार द्यावे लागतात. ते फुकट द्यावेत, असं हा कायदा सांगत नाही. बिलं नंतर येतात, तीही एक नव्हे: रुग्णालयाचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, अँब्युलन्सचं वेगळं. ब्रिटनमध्ये अपघात विभागातली तपासणी सर्वांना विनामूल्य असते, पण दाखल करून घेतल्यावर भारतातून आलेल्या पाहुण्याला इंग्लंडमध्ये एनएचएसच्या दराच्या दीडपट आकारणी होऊ शकते. भारतीय दूतावास बिल भरेल, ही आशाही ठेवू नये. संकटातल्या भारतीयांसाठी 2009 पासून समाजकल्याण निधी आहे, पण तो आर्थिक स्थिती पाहून, अगदी गरजू प्रकरणांत वापरला जातो.

विमा कंपनीची परवानगी मिळेपर्यंत रुग्णाला घरी थांबवून ठेवणं ही आणखी एक चूक. आधी स्थानिक आपत्कालीन क्रमांक लावा: अमेरिकेत 911, युरोपीय संघात 112. रुग्ण सुरक्षित हाती पोहोचला, की पॉलिसीवर दिलेल्या मदत क्रमांकावर शक्य तितक्या लवकर कळवा, कारण बहुतेक पॉलिसींत त्याची मुदत असते. औषधांच्या चिठ्ठीवर घटकांची नावं हवीत, ब्रँडची नावं तिथे ओळखली जातीलच असं नाही. आपल्या पॅरासिटामॉललाही अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिलं आणि पावत्या घेतल्याशिवाय परतीच्या विमानात बसू नका.

परदेशी असलेल्या मुलामुलींना एकच विनंती. आईवडिलांचा फॉर्म एजंटला परस्पर भरू देऊ नका. त्यांची औषधं समोर ठेवून तो स्वतः भरा आणि भरलेल्या फॉर्मची प्रत जपून ठेवा. दावा चुकीने नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे इथे ही कार्यालयं आहेत, शुल्क लागत नाही, वकिलाचीही गरज नसते. तिथे ती प्रत तुमच्या कामी येईल.