दिवा पुढे, दोष मागे

एसटीची गाडी आपण लहानपणापासून पाहतो, पण ती दोन ठिकाणी घडते याचा विचार सहसा करत नाही. टाटा किंवा अशोक लेलँडकडून चेसिस येते आणि महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगण्याच्या कार्यशाळेत तिच्यावर बॉडी चढते. अमेरिकेतली मोठी मोटरहोम नेमकी अशीच घडते. मोटार कंपनी लोखंडी सांगाडा, इंजिन, चाके, ब्रेक आणि तेवढ्यापुरते वायरिंग देते. ही उघडी चेसिस मग आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटीला विनेबागोच्या कारखान्यात जाते, किंवा इंडियानातल्या एल्कहार्ट परिसरात, जिथे या धंद्याची सर्वांत दाट वस्ती आहे. तिथे तिच्यावर स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर आणि फायबरचे तोंड बसते. त्या तोंडात हेडलाइट बसतात.

या गाड्यांच्या दिव्यांच्या तक्रारी समजून घ्यायच्या तर हे दोन कारखाने डोळ्यांपुढे ठेवायला हवेत. दिव्याला लागणारा करंट एका कंपनीच्या स्विचमधून निघतो आणि दुसऱ्या कंपनीने वाढवलेल्या वायरमधून दिव्यापर्यंत पोचतो. दोन्ही कंपन्यांचे काम आपापल्या जागी चोख असते. दोष बहुतेक वेळा सांध्यात सापडतो. आणि मालक बदलतो तो बल्ब.

इथे एकच चेसिस समोर ठेवतो. शेव्हर्लेची पी-३० ही चेसिस १९७० च्या दशकापासून १९९० च्या दशकाअखेरपर्यंत असंख्य मोटरहोमच्या पोटाखाली होती. तिच्यावर बांधलेल्या गाड्या आजही अमेरिकेच्या रस्त्यांवर आहेत. नव्या मोटरहोमच्या किमती पाहिल्या की या जुन्या गाड्यांना गिऱ्हाईक का मिळते हे कळते. हिवाळ्यात त्या पाच-सहा महिने उभ्या असतात. कपलरमध्ये ओल शिरते, पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, उंदीर वायरीचे आवरण कुरतडतात. वसंतात गाडी बाहेर निघते आणि पहिल्या रात्री मालकाला वाटते की दिवे पूर्वीसारखे राहिले नाहीत.

दिव्याचे गणित आधी पाहू, कारण ते कळले की बाकीचे आपोआप कळते. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने कमी होतो. व्होल्टेज दहा टक्के घटले की उजेड सुमारे तीस टक्के घटतो. अल्टरनेटर १३.८ व्होल्ट देत असेल आणि बल्बच्या पिनांवर ११.८ पोचत असतील, तर वाटेत दोनच व्होल्ट गळाले असे वाटेल. पण रस्त्यावरचा उजेड जवळजवळ चाळीस टक्क्यांनी गेलेला असतो. बल्ब मात्र शाबूत आहे. त्याच्या जागी नवा कोरा लावला तरी तोही तेवढाच मिणमिणेल.

हे व्होल्ट गळतात कुठे? करंटची वाट लांब आहे. बॅटरीतून डॅशबोर्डच्या हेडलाइट स्विचमध्ये, तिथून पिवळ्या वायरने अप्पर-डिप्परच्या स्विचकडे, मग डिप्परसाठी बदामी आणि अप्परसाठी फिकट हिरवी अशा वायरींनी गाडीच्या नाकापर्यंत, आणि दिव्यातून काळ्या वायरने अर्थला परत. शेव्हर्ले ज्यांची, त्या जनरल मोटर्सने त्या काळात हेच रंग पाळले. बॉडी बांधणाऱ्याने जोड दिला की मात्र पुढचा रंग बदललेला असू शकतो. सगळा भार स्विचमधूनच जातो, मध्ये रिले नाही. दोन्ही दिव्यांचे अप्पर लागले की सुमारे दहा अँपिअर. या वाटेवर एखाद्या कपलरमध्ये ओहमचा एक दशांश एवढाच रोध निर्माण झाला, तर दहा अँपिअरला तिथे एक व्होल्ट गळतो आणि दहा वॅटची उष्णता तयार होते. एवढी उष्णता बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकमध्ये कोंडली की ते तपकिरी पडते, मऊ होते, पितळी पट्टीची पकड सैल करते; पकड सैल झाली की रोध आणखी वाढतो. जुन्या गाडीचा दिव्यामागचा तीन पट्ट्यांचा सॉकेट उपसून पाहा. एक खाच भाजलेली दिसली तर तपासाला तिथूनच सुरुवात करावी.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून, दिवा बंद असताना तपासणी करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. ओहमचा दशांश साध्या मीटरला धड दिसत नाही. त्याच्या स्वतःच्या प्रोबच्या वायरींचा रोध त्याहून जास्त असू शकतो. शिवाय वीस तारांच्या वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी मीटर ‘जोड ठीक’ म्हणून बीप देतो. त्या एका तारेतून पाच अँपिअर नेणे मात्र जमत नाही. म्हणून दिवा जोडलेला आणि लागलेला हवा. मीटर व्होल्टवर ठेवायचा, एक प्रोब बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरा सॉकेटच्या मागच्या बाजूने डिप्परच्या पिनेला टेकवायचा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट जाताना गळले. मग दिव्याच्या अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत तसेच मोजायचे. तेवढे येताना गळले. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असले तर वायरिंगला दोष देऊ नये. जास्त असले तर वाट अर्ध्यावर तोडून मोजत जायचे: स्विचच्या आधी, स्विचच्या नंतर, डिप्परच्या नंतर. पाच-सहा मोजण्यांत चोर सापडतो. आपल्याकडचे वायरमन बल्बला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प करतात आणि त्याने प्रत्येक जागा चाचपतात. तो बल्ब करंट ओढतो, म्हणजे भार टाकूनच तपासणी होते, त्यामुळे ती पद्धत शास्त्राला धरूनच आहे.

परतीच्या वाटेकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि मोटरहोममध्ये सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. साध्या मोटारीचा पत्रा लोखंडी असतो. दिव्याजवळ कुठेही स्क्रू आवळला की अर्थ मिळाला. मोटरहोमचे तोंड फायबरचे. त्यातून वीज जात नाही. म्हणून काळी वायर तोंडामागून खाली उतरून लोखंडी सांगाड्यावर एका लगने आवळलेली असते. त्या जागेवर चाकांनी उडवलेले पाणी, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ, कधी सांगाड्याचा रंग, सगळे जमते. त्या एका स्क्रूवर दोन्ही दिव्यांची परतीची वाट अवलंबून असेल तर दोन्ही दिवे सारखेच मंद होतात आणि मालक अल्टरनेटर बदलायला निघतो.

एकाच दिव्याचा अर्थ तुटला तर दिसणारे चित्र चक्रावून टाकते. समजा डाव्या दिव्याची काळी वायर निसटली आहे आणि चालकाने डिप्पर लावला आहे. करंट डाव्या दिव्याच्या डिप्पर फिलामेंटमध्ये शिरतो, पण पुढे जमिनीला जायला वाट नाही. तो त्याच दिव्याच्या अप्पर फिलामेंटमधून उलटा फिरतो, अप्परच्या हिरव्या वायरीत घुसतो, उजव्या दिव्याच्या अप्पर फिलामेंटमध्ये जातो आणि तिथल्या चांगल्या अर्थने घरी पोचतो. वाटेत डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवाही मिणमिणतो. म्हणजे डिप्पर लावला असताना निळा दिवा अर्धवट पेटलेला, डाव्या दिव्यात दोन्ही फिलामेंट लालसर, आणि उजवा जवळपास नेहमीसारखा. हे पाहून लोक अप्पर-डिप्परचा स्विच बदलतात. तो स्विच निर्दोष असतो. सांगाड्यावरचा लग काढून, पॉलिश पेपरने जागा चकचकीत होईपर्यंत घासून, ग्रीसचा हात लावून पुन्हा घट्ट आवळला की तिन्ही लक्षणे एकदम जातात. निळा दिवा मंद पेटलेला दिसला की आधी अर्थ, हे सूत्र ज्याला उमगले त्याचे बरेच पैसे वाचतात.

आणखी एक तक्रार भीती घालणारी. रात्री महामार्गावर दोन्ही हेडलाइट अचानक विझतात, काही सेकंदांत पुन्हा लागतात, थोड्या वेळाने पुन्हा विझतात. जनरल मोटर्सच्या त्या जुन्या स्विचमध्ये फ्यूजऐवजी तापले की उघडणारा आणि निवले की आपोआप जुळणारा ब्रेकर असे. त्यामागचा विचार शहाणपणाचा होता: फ्यूज उडून कायमचा अंधार होण्यापेक्षा उघडझाप बरी, निदान गाडी कडेला घेता येते. भार वाढला, शॉर्ट झाला किंवा स्विचच्या आतला संपर्क झिजून तापू लागला की ब्रेकर उघडतो. कुणीतरी आधी हौसेने जादा दिवे हेडलाइटच्याच वायरीवर जोडलेले असतात, हेही सर्रास सापडते. उघडझाप सुरू झालेली गाडी दुरुस्त होईपर्यंत रात्री चालवू नये.

या सगळ्यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे दोन रिले, एक अप्परला आणि एक डिप्परला. बॅटरीजवळ फ्यूज लावून जाड वायर थेट दिव्यांजवळच्या रिलेपर्यंत आणायची. जुन्या वायरींनी फक्त रिले चालवायचा. मग स्विचमधून दहा अँपिअरऐवजी अँपिअरचा अंशच जातो. सोबत नवी अर्थची वायरही थेट टाकावी. खर्च फार नाही आणि फरक पहिल्याच रात्री दिसतो.

मात्र वायरीला हात घालण्याआधी एक धोका लक्षात ठेवावा. गाडीच्या पुढच्या भागात काळी वायर म्हणजे अर्थ. मागे राहण्याच्या खोलीत, अनेक गाड्यांत, १२ व्होल्टची काळी वायर धन असते आणि पांढरी ऋण. त्याच खोलीतल्या १२० व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी वायर म्हणजे चालू विजेची, हात लावला तर झटका देणारी. एकाच छताखाली एका रंगाचे तीन अर्थ. त्यामुळे बाहेरून घेतलेली वीज, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद केल्याशिवाय डॅशबोर्डमागे डोके घालू नये.

आता झोताकडे वळू. व्होल्ट पूर्ण पोचत असूनही रस्ता दिसत नाही, किंवा समोरचे सारखे अप्पर मारून जाब विचारतात, अशी तक्रार असेल तर दोष विजेत नसून गाडीच्या बैठकीत असतो. डिप्परचा झोत साधारण एक टक्का खाली झुकलेला असतो. दहा मीटरवर दहा सेंटिमीटर. चाकांमधले अंतर साडेचार मीटर असलेली गाडी मागून तीन सेंटिमीटर बसली आणि पुढून दीड सेंटिमीटर उठली, की हा झुकाव पूर्ण नाहीसा होतो. पन्नास मीटरवर झोत अर्धा मीटर वर चढलेला असतो. मोटरहोमला एवढे बसायला फार काही लागत नाही. मागे असलेली ७५ गॅलनची पाण्याची टाकी भरली की २८० किलोंहून अधिक वजन मागच्या चाकांच्या आसपास किंवा त्यांच्याही मागे पडते.

उलटा प्रकारही होतो, आणि तो पी-३० चा खास. या चेसिसच्या पुढच्या कॉइल स्प्रिंगांच्या पोटात हवेच्या रबरी पिशव्या असतात. त्या वयाने चिरतात, हवा सुटते, नाक खाली बसते आणि झोत बंपरच्या पुढ्यातच पडतो. एकाच बाजूची पिशवी गेली तर गाडी आणि झोत दोन्ही तिरपे. अशा गाडीचे दिव्याचे स्क्रू फिरवणे म्हणजे मूळ दुखणे झाकणे. आधी पिशव्यांतली हवा, मग टायरची हवा, मग दिवा.

स्क्रूंचाही एक घोटाळा आहे. सीलबंद दिव्याभोवती दोन प्रकारचे स्क्रू असतात: कडी धरून ठेवणारे लहान, आणि झोत वर-खाली व डावा-उजवा करणारे दोन मोठे. दिवा बदलताना घाईत मोठे स्क्रू सोडले की नवा दिवा झाडांच्या शेंड्यांवर उजेड टाकतो. झोत लावताना गाडी प्रवासाला निघते तशी भरलेली, चालक जागेवर, टेकू देणारे जॅक वर उचललेले आणि जमीन सपाट हवी. अमेरिकेत भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करून हे काम करतात.

हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब बसवण्याचा मोह आज सर्वांना होतो. माझे मत स्पष्ट आहे: बसवू नये. मागचा आरसा आणि पुढची काच फिलामेंटची जागा मिलिमीटरमध्ये धरून घडवलेली असते. उजेडाचा उगम बदलला की झोत फुटतो. चालकाला जवळचा रस्ता लखलखीत दिसून समाधान वाटते आणि समोरून येणारा आंधळा होतो. नंतरच्या गाड्यांतल्या प्लास्टिकच्या काचा पिवळ्या पडल्या असतील तर त्या घासून स्वच्छ करणे किंवा बदलणे यातच शहाणपण आहे.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि आपल्याकडेही अशा गाड्या दिसू लागल्या. व्हॅनचे मूळ तोंड तसेच ठेवून आतले घर बांधले असेल तर हेडलाइटची कारखान्यातली वायरिंग शाबूत राहते. धोका असतो तो नंतर हेडलाइटच्या वायरीतून ‘टॅप’ मारून घेतलेल्या जोडण्यांचा. बांधणाऱ्याकडे गाडी देताना हेडलाइटच्या वायरिंगला हात लावायचा नाही, हे लेखी ठरवून घ्यावे.

आणि अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांच्या मनात जुनी मोटरहोम घ्यायचे आहे, त्यांनी ती दिवसा पाहून सौदा करू नये. अंधार पडल्यावर जा. इंजिन चालू ठेवून अप्पर लावा आणि वीस मिनिटे तसेच राहू द्या. दिवे विझून पुन्हा लागतात का ते पाहा, स्विचची मूठ हाताला तापलेली लागते का ते पाहा, डिप्परवर निळा दिवा मिणमिणतो का ते पाहा. यातले काही आढळले तर रिले, वायर आणि मजुरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा.